सामुदायिक आरोग्य पथक

गावाने निवडलेली आरोग्य सेविका, परिचारिका, समाजकार्यकर्ता व डॉक्टर यांनी ठरावीक वस्तीची जबाबदारी मिळून सांभाळण्याची प्राथमिक आरोग्यसेवेतील पद्धत. भारतात जामखेडचा (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) प्रकल्प तिचे ठळक उदाहरण होय.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे मूळ चीनमधील डिंगशियान येथील १९३० च्या दशकातील प्रयोगात पाहतात, तर काही सिडनी व एमिली कार्क यांनी १९४० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत पोलेला येथे उभारलेल्या केंद्रात. भारतात आरोग्यसेवेची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने (१९४६) ४०,००० लोकसंख्येच्या केंद्रासाठी २ डॉक्टर, ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका, ४ प्रसविका, ४ प्रशिक्षित दाया इ. मनुष्यबळ सुचवले. तेव्हापासून येथील पथकाची गणना करणे अधिक ग्राह्य वाटते. मात्र गावातील स्त्रीला पथकाचा पाया मानण्याचे श्रेय जामखेडकडेच जाते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले. आधी गावोगाव परिचारिका नेमून पाहिल्या; त्या रुजल्या नाहीत. मग गावातल्याच, बहुधा निरक्षर, अनेकदा दलित स्त्रिया प्रशिक्षित झाल्या. फेरीच्या दिवशी सेविका पथकाला अडचणीची घरे दाखवते आणि डॉक्टर तिला न झेपणारे रुग्ण पाहतो. हा क्रम मोडून रुग्ण थेट डॉक्टरकडे जाऊ लागले, की गावात तिचा शब्द चालेनासा होतो. रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाची चिठ्ठी तिच्यापर्यंत पोहोचली नाही, तर पुढची देखरेखही खुंटते.

सेविकेची साधने साधी, पण अचूकपणा मागणारी. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा डावा दंड सैल सोडून खांदा व कोपर यांच्या मधोमध मोजतात, ११.५ सेंमी.पेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी सैल राहिली तर आजारी मूल निसटते, आवळली तर निरोगी मूल यादीत येते. हगवणीत पाजायचे पाणी म्हणजे १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर व अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडणे ही सर्वांत घातक चूक. म्हणून आईकडून समोरच करवून घेऊन चव पाहायला लावावी. चव अश्रूंपेक्षा खारट नसावी.

२ ऑक्टोबर १९७७ पासून गावोगाव आरोग्य रक्षक नेमण्याच्या सरकारी योजनेत त्याला दरमहा ५० रु. मानधन होते. २००५ पासून आशा स्वयंसेविका, साधारण १,००० लोकसंख्येमागे एक.