सावरायला वेळ हवा

१९६७ साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत आणि त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. मग त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. बहुतेकांनी उडीच मारली नाही. प्राणी हतबलता शिकतो, असा निष्कर्ष निघाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

२०१६ मध्ये त्याच दोघांनी तो निष्कर्ष उलटा केला. उंदरांच्या मेंदूच्या अभ्यासातून दिसलं, की त्रास लांबला की निपचित पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. कपाळामागचा मेंदूचा भाग ते हेरतो आणि मूळ प्रतिक्रियेला आवर घालतो. असा अनुभव एकदा गाठीशी असला की पुढच्या, न टळणाऱ्या संकटातही तो कामी येतो.

माणसाचं मन उंदरापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं, हे खरं. तरीही अभ्यासक्रम आखणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, असं मला कळकळीने वाटतं. सत्राअखेर एकच मोठी परीक्षा असली, की चूक कळते ती दुरुस्तीची वेळ टळल्यावर. मग ‘खचू नका’ अशी व्याख्यानं ठेवून काय साधणार? त्यापेक्षा तिसऱ्याच आठवड्यात कमी गुणांची चाचणी घ्यावी, उत्तरांवर नेमका शेरा द्यावा, लिहिलेला अहवाल सुधारून पुन्हा देऊ द्यावा.

अशा चाचणीने अभ्यासाची पद्धतही तपासली जाते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्याने मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. ‘वाचलं म्हणजे आलं’ हा भ्रम लवकर फुटलेला बरा.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात पहिल्या सत्रात एखाद्या विषयात नापास झालात, तर बाहेर दाखवायच्या गुणपत्रिकेवर त्याची नोंदच होत नाही. पडून पाहण्याची ही मुभाच आहे.

मात्र अभ्यासाचा बोजा वाढवला की विद्यार्थी कणखर होतात, असा अर्थ कुणी काढू नये. जे झटके थांबवता येत नाहीत, ते वाढवून कुणी खंबीर होत नाही. आजारपण आणि पैशांची ओढाताण यांवर चाचणीचा उपाय नाही. तिथे शिष्यवृत्ती हवी, समुपदेशक हवा. आणि मुदतवाढीचा नियम पहिल्याच दिवशी लेखी मिळायला हवा, म्हणजे अडचणीत सापडलेल्या मुलीला कुणाची मनधरणी करावी लागणार नाही.