ताठर धमन्या, जाड झालेलं हृदय आणि ‘खालचा आकडा’

टू-डी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘कॉन्सेंट्रिक एलव्हीएच’, म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड, असा शेरा आला की रुग्णाला सांगितलं जातं, बीपीमुळे हृदयाची भिंत जाड झाली. हे खरं आहे, पण अपुरं. दंडावर बीपी सारखंच भरणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच हृदयाचा डावा कप्पा जाड निघू शकतो. वजन, मीठ, आनुवंशिकता ही कारणं आहेतच. शिवाय महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, किती ताठर झाली आहे, हेही आहे.

खरं तर धमन्या आणि हृदय यांचा हा संबंध ‘कफ’पेक्षा, म्हणजे बीपी मोजताना दंडावर बांधायच्या पट्ट्यापेक्षा, जुना. मूत्रपिंडाच्या रुग्णांची नाडी कडक लागते आणि शवविच्छेदनात त्यांचं हृदय डावीकडे मोठं दिसतं, हे लंडनमध्ये १८३६ सालीच नोंदलं गेलं होतं. १८७०च्या दशकात तिथलेच एक तरुण डॉक्टर काजळी धरलेल्या कागदावर नाडीची लाट उमटवून तिचा आकार वाचत होते. १८९६ साली इटलीत कफ आला, १९०५ साली रशियात स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत आली, आणि लाटेचे दोन आकडे झाले: हृदय आकुंचन पावतानाचा दाब वरचा, सैल पडल्यावरचा खालचा. सोय झाली, आकार गेला.

या दोन आकड्यांपैकी कुठला महत्त्वाचा, इथे गाडी बरीच वर्षं चुकीच्या रुळावर राहिली. वरचा आकडा वयानुसार वाढणारच, ‘शंभर अधिक वय’ चालतं, असा हिशेब दवाखान्यांत रूढ होता. ताठर नळ्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागतोच, मग तो उतरवायचा कशाला, असाही युक्तिवाद होता. ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ या नावाने गोंधळात भरच घातली. तिथे ‘इसेन्शियल’चा अर्थ ‘कारण न सापडलेला’ एवढाच होता. अनेकांनी तो ‘गरजेचा’ असा घेतला.

औषधांचा पहिला ठोस पुरावा अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १९६७ साली आला. त्यात रुग्ण निवडले ते खालच्या आकड्यावर, ११५ ते १२९. पुरावा खालच्या आकड्याचा, म्हणून १९७७च्या तिथल्या पहिल्या राष्ट्रीय शिफारशीही त्याच आकड्याभोवती. त्या काळाच्या तर्काने हे समजू शकतं. पण लोकसंख्येच्या दीर्घ पाहणीतून १९७१ सालीच वरच्या आकड्याचं वजन दिसलं होतं, हे विसरून चालणार नाही. १९९१ साली साठीपुढच्या ४,७३६ जणांवरचा प्रयोग जाहीर झाला: वरचा आकडा १६० किंवा जास्त, खालचा ९०च्या आत. साध्या लघवीच्या गोळीपासून सुरू केलेल्या उपचाराने पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले, हृदय निकामी होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तरी मध्यमवयीन आणि वृद्ध रुग्णांत वरचाच आकडा प्रमुख मानावा, हे अमेरिकेत स्पष्ट शब्दांत सांगायला २००० साल उजाडलं. आपल्याकडे ‘पण खालचं नॉर्मल आहे ना?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो.

वर वाढतं आणि खाली उतरतं, हीच तर ताठरपणाची खूण. लवचीक महाधमनी ठोक्याला फुगते, थोडं रक्त धरून ठेवते आणि हृदय सैल पडल्यावर पुढे सोडते. तिचे लवचीक तंतू तुटले, कोलॅजन (न ताणणारे कडक तंतू) वाढलं, की हे साठवण संपतं. नाडीची लाट वेगाने धावते, लवकर परतते आणि हृदय अजून आकुंचन पावत असतानाच येऊन आदळते. भिंत जाड होते, मग नीट सैल पडेनाशी होते. जाड स्नायूला रक्त जास्त हवं, पण हृदयाच्या स्वतःच्या धमन्या मुख्यतः हृदय सैल असतानाच भरतात, आणि नेमका तेव्हाचा दाब घसरलेला असतो.

मराठीत ‘धमनीकाठिण्य’ हा शब्द यासाठीही वापरतात आणि चरबीचे थर साचून धमनी अरुंद होण्यासाठीही. थर आतल्या अस्तरात, जागोजागी साचतात. ताठरपणा मधल्या थरात, लांबवर पसरतो आणि महाधमनी उलट रुंदच होते. अँजिओग्राफी स्वच्छ असूनही धमन्या ताठर असू शकतात.

पुढची वर्षं मोजमापाची. २००६ साली दिसलं की दंडावर जवळपास सारखंच बीपी ठेवणाऱ्या दोन औषधयोजनांत महाधमनीतला दाब मात्र वेगळा राहतो. बीटा ब्लॉकरवर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधावर) आधारलेली योजना तो दाब उतरवण्यात मागे पडली. २००७च्या युरोपीय शिफारशींत मानेपासून जांघेपर्यंतच्या लाटेच्या वेगाची मर्यादा सेकंदाला १२ मीटर होती; त्यापुढे धमनी ताठर. पुढे ती १० झाली, कारण टेपने मोजलेल्या अंतराचे ८० टक्केच धरायचं ठरलं. २०१२ साली एका दीर्घ पाहणीत ताठरपणा आधी आणि उच्च रक्तदाब नंतर, असा क्रम दिसला. मात्र दाब न उतरवता केवळ ताठरपणा कमी करून हृदयाची भिंत पातळ करून दाखवणारं औषध अजून वापरात आलेलं नाही.