मुंबई आणि अवकाश संशोधन

मुंबईतून आजवर एकही रॉकेट अवकाशात झेपावलेले नाही. तरीही भारताच्या अवकाश संशोधनाचा इतिहास या शहराला वगळून सांगता येत नाही. मुंबईचा त्यातला वाटा मुख्यतः मोजमापाचा आहे: उपकरणे घडवणे, ती वर पाठवणे आणि वरून जे खाली येते त्याची काटेकोर नोंद ठेवणे. यातले बरेचसे काम कुलाब्याच्या दक्षिण टोकाच्या चिंचोळ्या भूभागावर झाले.

कुलाबा वेधशाळा : ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये जहाजांच्या वेळेसाठी व खगोलीय वेधांसाठी कुलाब्यात वेधशाळा उभारली. 1841 पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरूनाना छत्रे यांनी तेथे काम केले; ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचाही या वेधशाळेशी संबंध होता. मराठीत आधुनिक विज्ञान आणणारी ही माणसे रात्री-अपरात्री आकडे टिपणाऱ्या कामातून घडली, हे आवर्जून सांगायला हवे.

टांगलेल्या चुंबकाची बारीक हालचाल मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचायची आणि वहीत उतरवायची, अशी त्या काळची पद्धत होती. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक तीव्र ज्वाला दिसली. सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीवर आदळून चुंबकीय वादळ उठले आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याचा चुंबक असा काही ढळला की आडव्या चुंबकीय बलात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट नोंदली गेली. लंडनजवळच्या वेधशाळांतील छायाचित्रित आलेख कागदाबाहेर गेले. कुलाब्यात मात्र नजर रोखून बसलेल्या निरीक्षकांमुळे वादळाचा चढउतार वहीत उतरला. तुलनेसाठी, मार्च 1989 च्या ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात बुडवला, त्याची तीव्रता जगभरच्या सरासरीवरून 589 नॅनोटेस्ला इतकी काढली जाते. उपग्रह आणि वीजजाळी सौर वादळापासून कशी वाचवावीत याचा हिशेब करताना संशोधक आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे वळतात. भारतीय अवकाश विज्ञानाची सुरुवात केरळातील थुंबा या रॉकेटतळापासून मोजण्याची प्रथा आहे. ती या वहीपासून मोजणे अधिक योग्य.

पुढे वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी वेधशाळेच्या दीर्घकालीन नोंदी संपादित करून प्रसिद्ध केल्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने वाचन बिघडेल, हे ओळखून चुंबकीय मोजणी 1904 मध्ये अलिबागला नेण्यात आली. दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळाव्यात म्हणून 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी वाचन घेतले गेले. अलिबागची मोजणी आजही चालू आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था : होमी भाभा यांनी 1945 मध्ये बंगळुरूत सुरू केलेली ही संस्था (टीआयएफआर) त्याच वर्षी मुंबईत आली. प्रथम पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगला, नंतर अपोलो बंदरावरील जुना यॉट क्लब आणि 1962 पासून कुलाब्यातील नेव्हीनगर, असा तिचा प्रवास झाला. भाभांचा विषय विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण. ते हवेच्या दाट थरांत अडतात किंवा बदलतात, म्हणून उपकरणे फुग्यांना बांधून वर सोडली जात. पातळ पॉलिथिनचे हे महाकाय फुगे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ पुढे हैदराबादहून सोडू लागले.

फेब्रुवारी 1962 मध्ये विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली, तीही मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली. रॉकेट अभियंता पदासाठी अब्दुल कलाम यांची मुलाखत मुंबईतच झाली. मुलाखत घेणाऱ्यांत साराभाई आणि टीआयएफआरचे एम. जी. के. मेनन होते. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. थुंबा निवडण्याचे कारणही भूचुंबकत्वच : चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे टांगलेली चुंबकसूची आडवी राहते ती रेषा, तिथून जवळून जाते. 1972 मध्ये स्वतंत्र अवकाश विभाग झाला आणि कारभार बंगळुरूला गेला.

अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रशिळांवर देवेंद्र लाल यांच्या गटाने टीआयएफआरमध्ये काम केले. विश्वकिरणांनी खनिजांत कोरलेल्या सूक्ष्म रेषा वाचून त्या शिळा उघड्यावर किती काळ पडून होत्या, याचा अंदाज बांधता येतो. अपोलो 11 चे तिन्ही अंतराळवीर ऑक्टोबर 1969 मध्ये मुंबईत आले, तेव्हा आझाद मैदानावर त्यांना पाहायला प्रचंड गर्दी लोटली होती.

‘अनुराधा’ : विश्वकिरण टिपण्यासाठी टीआयएफआरमध्ये सुकुमार विश्वास यांच्या नेतृत्वाखाली बनलेले हे उपकरण एप्रिल 1985 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून स्पेसलॅब-3 या अवकाश प्रयोगशाळेबरोबर गेले. चष्म्याच्या काचांसाठी वापरतात त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या दोन थप्प्या त्यात होत्या. वरची स्थिर, खालची संथपणे फिरणारी. कण दोन्हींतून आरपार जाताना माग सोडतो. खालचा माग वरच्यापासून किती सरकला, यावरून कण कधी आला ते कळते. इतक्या साध्या युक्तीने विद्युत घड्याळाचे काम करून घेणे हे टीआयएफआरच्या कारागिरीचे उत्तम उदाहरण होय. काही विशिष्ट विश्वकिरणांच्या अणूंनी फक्त एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, या निष्कर्षाला त्यातून बळकटी मिळाली.

28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या वेधशाळा-उपग्रहावरील क्ष-किरणांची तीन प्रमुख उपकरणे टीआयएफआरच्या पुढाकाराने तयार झाली. त्यांपैकी एकाने खेकडा तेजोमेघातील स्पंदकाच्या (नियमित स्पंद पाठवणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या) क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनांची दिशा, मोजले.

उद्योग व शिक्षण : पीएसएलव्हीसह इस्रोच्या रॉकेटांत वापरले जाणारे विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातही बनते. वरळीचे नेहरू तारांगण 1977 मध्ये सुरू झाले. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी घडवलेला सुमारे 10 किलोचा ‘प्रथम’ उपग्रह 26 सप्टेंबर 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील) इलेक्ट्रॉनांची संख्या मोजणे हे त्याचे काम ठरवले होते.