हायब्रिड घेताना दातांचा हिशेब

‘चालता चालता स्वतःच चार्ज होते म्हणे, मग पेट्रोल असं लागणार किती?’ छोटी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, एसयूव्ही घ्यायला निघालेल्या अनेकांच्या डोक्यात हे वाक्य पक्कं बसलेलं असतं, आणि ते जाहिरातींनीच बसवलेलं आहे. २०२० साली नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने ‘सेल्फ चार्जिंग हायब्रिड’ या शब्दांना हरकत घेतली. गाडीला वीज फुकटात मिळते असा त्यातून समज होतो, पण ती वीज शेवटी टाकीतल्या पेट्रोलमधूनच येते, हे त्यांचं म्हणणं. हरकत रास्तच होती. ज्या हायब्रिडला बाहेरून चार्ज करायचा प्लग नाही, तिच्यात ऊर्जा शिरायला एकच वाट असते: पेट्रोल भरायचं तोंड. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा शाळेतला नियम गाडीचं मॉडेल बघून बदलत नाही.

तरीही या गाड्यांना पेट्रोल खरोखरच कमी लागतं. मग ते वाचतं कुठे?

पहिली जागा सगळ्यांना ठाऊक असते, ती म्हणजे ब्रेक. १४०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असेल तर तिची गतिज ऊर्जा साधारण १३५ किलोज्यूल भरते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा डिस्क तापवण्यात जाते. हायब्रिडमध्ये मोटर जनरेटर बनते आणि यातला बराच भाग बॅटरीत जातो. जाताना थोडी गळती, परत येताना थोडी गळती, असं धरून साधारण ८० किलोज्यूल चाकांपर्यंत परत आली असं समजू. एवढंच काम इंजिनाकडून करून घ्यायचं तर आठ-नऊ मिलिलिटर पेट्रोल जळतं. म्हणजे दर थांब्याला दोन चहाच्या चमच्यांहून थोडं कमी. सिग्नलांच्या गर्दीत रोज शंभरदा थांबणाऱ्याला हे भरघोस आहे. मोकळ्या महामार्गावर तासभर ब्रेकला पाय न लावणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही.

दुसरी जागा कमी माहीत असलेली, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरचा वेग टिकवायला छोट्या एसयूव्हीला जेमतेम ४ ते ५ किलोवॉट लागतात. इंजिन मात्र ७०-८० किलोवॉटचं असतं, कारण ओव्हरटेक आणि चढ यांच्यासाठी ते तेवढं लागतं. एवढं मोठं इंजिन इतक्या कमी भारावर चालवलं की ते पेट्रोलची नासाडी करतं. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, त्या फटीतून हवा ओढायलाच शक्ती जाते, आणि पिस्टनचं घर्षण काही कमी होत नाही. हायब्रिडची चलाखी अशी की असा हलका भार आला की इंजिन सरळ बंद करायचं. किंवा मग त्याला मुद्दाम थोडं जास्त राबवून वरची शक्ती बॅटरीत टाकायची, आणि पुढे तीच वापरून इंजिन बंद ठेवायचं. या गाड्यांमध्ये बहुतेकदा ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ मध्ये मांडलेली ही कल्पना सांगते की वायू जेवढा दाबला, त्याहून जास्त त्याला प्रसरण पावू द्या. आजच्या इंजिनांत आत येणारी झडप उशिरा बंद करून हेच साधतात. कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास पोचते, पण कमी वेगावरचा जोर घटतो. तो जोर मोटर भरून काढते, म्हणून हा संसार जमतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येऊ.

इंजिन आणि दोन मोटरी एकाच चाकाला जोडायच्या कशा? डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये यासाठी प्लॅनेटरी गिअर वापरला. मधोमध एक छोटं दातेरी चाक, त्याला म्हणायचं सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी ग्रह-चाकं, त्यांना धरून ठेवणारी एक चौकट, आणि सगळ्यांच्या बाहेर आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. चौकटीला इंजिन जोडलं, सूर्याला पहिली मोटर, आणि कड्याला दुसरी मोटर व गाडीची चाकं. सूर्याला ३० दाते, कड्याला ७८.

या दोन आकड्यांतून सगळं नाटक उलगडतं. इंजिनाचे फेरे गुणिले १०८ बरोबर सूर्याचे फेरे गुणिले ३० अधिक कड्याचे फेरे गुणिले ७८. तीन वेगांना बांधणारं एकच समीकरण. म्हणजे गाडीचा वेग ठरला तरी इंजिनाचा वेग ठरत नाही. सूर्याला कमी-जास्त फिरवून तो हवा तिथे आणता येतो. गाडी उभी आहे, कडं स्थिर आहे, आणि इंजिन मिनिटाला १००० फेरे घेतंय, तर सूर्य ३६०० फेरे घेत वीज बनवतो. याउलट इंजिन बंद ठेवून कडं १००० फेऱ्यांनी फिरलं, तर सूर्य २६०० फेऱ्यांनी उलटा फिरतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

वेग असा मोकळा, पण टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, वाटणी मात्र दात्यांनी कायमची ठरवलेली: इंजिनाच्या जोराचे ७८/१०८, म्हणजे ७२ टक्के कड्याला आणि २८ टक्के सूर्याला. समजा इंजिन २००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर देतंय, म्हणजे जवळपास २१ किलोवॉट. कडं १००० फेऱ्यांवर असेल तर सूर्य ४६०० वर जातो. चाकांकडे थेट दातांतून साडेसात किलोवॉट जातात आणि उरलेले साडेतेरा सूर्याकडे जाऊन वीज बनतात. ती वीज दुसऱ्या मोटरमार्फत पुन्हा चाकांवर येते. गाडीने वेग घेतला, कडंही २००० वर आलं, की थेट वाट १५ किलोवॉटची होते आणि विजेची जेमतेम ६ ची. कडं २७७० च्या आसपास पोचलं की सूर्य स्तब्ध होतो आणि सगळी शक्ती निव्वळ दातांतून जाते. विजेच्या वाटेवर दोनदा रूपांतर होतं, दोन्ही वेळा काहीतरी गळतं. म्हणून वेग वाढेल तशी ही रचना विजेचा वाटा आपोआप कमी करते. त्याहून पुढे सूर्य उलटा फिरू लागतो, त्याला वीज पुरवावी लागते, आणि शक्तीचा काही भाग गोल गोल फिरत बसतो. ना क्लच, ना गिअर बदलणं, ना वेगळा स्टार्टर. रिव्हर्सचा गिअरही नाही, मोटर उलटी फिरवली की झालं. मूठभर दातेरी चाकांत एवढं सगळं बसवणाऱ्याला माझा मनापासून नमस्कार.

आकडे डोक्यावरून गेले असतील तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: या गाड्यांच्या माहितीपत्रकात ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं, त्याचा पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीशी (पायऱ्या नसलेल्या गिअरबॉक्सशी) नावापलीकडे संबंध नाही. ‘सीव्हीटी नको, पट्टा झिजतो’ असा सल्ला देणाऱ्याला इथे झिजायला पट्टाच सापडणार नाही. मात्र जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एकदम वरच्या फेऱ्यांवर जाऊन तिथेच आवाज करत राहतं आणि गाडी मागून वेग घेते. तो बिघाड नाही, वरच्या समीकरणाचाच परिणाम आहे. पण काही कानांना तो सोसत नाही, म्हणून लांब चढावर गाडी चालवून बघितल्याशिवाय ठरवू नये.

आणि प्रत्येक हायब्रिडच्या पोटात हा गिअर नसतो. टोयोटाच्या यारिस क्रॉस, कोरोला क्रॉसमध्ये असतो. होंडाची ई-एचईव्ही रचना शहरात इंजिनाकडून फक्त वीज बनवून घेते आणि महामार्गावर क्लच लावून इंजिन थेट चाकांना जोडते. निसानच्या ई-पॉवरमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंधच येत नाही. ह्युंदाई-किआच्या निरो, कोनामध्ये मोटर आणि सहा गिअरांचा ड्युअल क्लच असतो, तिथे गिअर बदलल्याचं जाणवतं. माइल्ड हायब्रिड ही वेगळीच जात. त्यात छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, गाडी सहसा एकट्या विजेवर ओढू शकत नाही. मागच्या दारावर ‘हायब्रिड’ अशी चकचकीत पट्टी पूर्ण आणि माइल्ड अशा दोन्ही जातींवर असते, म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा: इंजिन पूर्ण बंद असताना ही गाडी रस्त्यावर चालते का?

स्वस्त हायब्रिडचा विषय निघाला की कुणीतरी हटकून सांगतं, ‘एवढा खर्च कशाला, पेट्रोलच्या नळीला चुंबक लावा, तेवढंच ॲव्हरेज मिळतं.’ पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा उपयोगी म्हणावा असा काहीही परिणाम होत नाही. तो तावीज आहे, फक्त धाग्याऐवजी क्लिपने बांधलेला.

ॲव्हरेजच्या आकड्यांतही एक गणिती फसगत दडलेली असते. लिटरला १० वरून १५ किलोमीटरवर गेलात तर दर १०० किलोमीटरमागे ३.३ लिटर वाचतात. २० वरून २५ वर गेलात, वाढ तेवढीच ५ ची, पण वाचतो फक्त १ लिटर. म्हणून तुलना लिटरमध्ये करावी. साधी गाडी १६ देते, हायब्रिड २४ देते, आणि वर्षाला १०,००० किलोमीटर होतात, तर बचत सुमारे २०८ लिटर. याला पेट्रोलच्या दराने गुणा, किमतीतल्या फरकाला त्याने भागा, म्हणजे किती वर्षांत फरक वसूल होईल ते कळतं. पाचशे मीटरवरच्या दुकानात जाण्यापुरती गाडी काढणाऱ्यांचं उत्तर निराशाजनक येईल. शिवाय थंड इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवण्यासाठी गरज नसतानाही चालावं लागतं, त्यामुळे लहान फेऱ्यांत हायब्रिडचा फायदा आणखी घटतो.

माहितीपत्रकातलं ॲव्हरेज प्रयोगशाळेतल्या रोलरवर मोजलेलं असतं. त्यांपैकी डब्ल्यूएलटीपी ही प्रमाणित चाचणी ३० मिनिटांची, २३.२५ किलोमीटरची, सरासरी वेग ताशी ४६.५. दोन गाड्यांचे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांचे असतील तर ते शेजारी ठेवूच नयेत. ताशी १२० ला तर वाऱ्याशी झुंजण्यातच एसयूव्हीचे १७-१८ किलोवॉट जातात, आणि उंच, चौकोनी अंगाला बॅटरी काही बारीक करू शकत नाही. ज्यांचा सगळा प्रवास त्या वेगाचा, त्यांनी हायब्रिडपेक्षा बुटकी गाडी बघावी. हे मत एसयूव्हीप्रेमींना रुचत नाही, पण वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

चाचणीला गाडी घ्याल तेव्हा रेडिओ बंद ठेवा. सावकाश ब्रेक दाबत थांबा, कारण शेवटच्या काही मीटरांत मोटरकडून ब्रेक पॅडकडे सूत्रं जातात आणि स्वस्त गाड्यांत तिथे पायाला धक्का कळतो. इंजिन बंद असताना एसी थंड हवा देतो का, तेही बघा. लांब उतार मिळाला तर उत्तमच. या बॅटऱ्या एक-दीड किलोवॉट-तासाच्या, त्याही पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकाम्या होऊ न देता वापरलेल्या, त्यामुळे उतारावर त्या लवकर भरतात आणि पुढे गाडी इंजिनाच्या रोधावर उतरते. आवाज चढतो, ते ठीकच आहे.

बॅटरी बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली असते आणि तिला थंड हवा प्रवाशांच्या बाजूच्या जाळीतून मिळते. त्या जाळीवर पिशवी टेकली किंवा धूळ साचली तर बॅटरी तापते. जाळी कुठे आहे, तिचा फिल्टर कधी साफ करायचा, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि ती कुठल्या अटींवर, हे लेखी घ्यावं. त्याशिवाय हायब्रिडमध्येही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, कारण संगणक आणि उच्च व्होल्टेजचे रिले (मोठ्या बॅटरीची जोडणी करणारे स्विच) तिच्यावरच चालतात. ती डिकीत आहे की बॉनेटखाली, आणि जंपर केबल नेमकी कुठे लावायची, हे गाडी ताब्यात घेण्याआधी विक्रेत्याकडून प्रत्यक्ष दाखवून घ्या.