ईएफ ६० टक्के आहे, पण रक्त किती बाहेर पडते?

महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णाच्या इको (हृदयाची सोनोग्राफी) अहवालात ‘ईएफ ६० टक्के’ असे दिसले की ‘पंपिंग उत्तम’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो अनेकदा चुकीचा असतो. ईएफ, म्हणजेच इजेक्शन फ्रॅक्शन, बहुतेकांना ठाऊक असते: डाव्या निलयात (शरीराला रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा टक्का. स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणजे त्याच ठोक्यात प्रत्यक्ष बाहेर पडलेले रक्त, मिलिलिटरमध्ये.

खरी गफलत पुढे होते. १२० मिलिलिटर भरून ७२ बाहेर पडले तर ईएफ ६० टक्के. ८० भरून ४८ पडले तरीही ६० टक्केच. अरुंद झडपेशी वर्षानुवर्षे झुंजताना निलयाच्या भिंती जाड व ताठ होतात, आतली जागा आक्रसते आणि निलय नीट भरत नाही, त्यामुळे हा दुसरा प्रकार या आजारात नेहमी गृहीत धरून शोधायला हवा. शरीराचे पृष्ठफळ १.६ चौरस मीटर असेल तर ४८ मिलिलिटरचा निर्देशांक, म्हणजे दर चौरस मीटरमागे स्ट्रोक व्हॉल्यूम, ३० येतो, आणि ३५ च्या खाली प्रवाह कमी मानतात.

झडपेवरचा दाबफरक, म्हणजे तिच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक, प्रवाहावर अवलंबून असल्याने अशा रुग्णात झडपेचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटरहून कमी असूनही सरासरी दाबफरक ४० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहू शकतो. मग अहवालात अरुंदता ‘मध्यम’ असे लिहिले जाते आणि ज्याला उपचार हवेत तो रुग्ण थांबवला जातो. मला सर्वाधिक खटकते ते हेच. अर्थात स्ट्रोक व्हॉल्यूमही काळजीपूर्वक मोजावे लागते, कारण निलयाच्या बहिर्मार्गाच्या (झडपेखालच्या, रक्त बाहेर पडण्याच्या वाटेच्या) व्यासाचा त्यात वर्ग होतो: २० मिलिमीटरऐवजी १८ मोजले तर आकडा १९ टक्क्यांनी घसरतो. म्हणून आधी मोजमाप पुन्हा तपासावे आणि तरीही शंका उरली तर सीटी स्कॅनवर झडपेतले कॅल्शियम मोजावे. निर्देशांकाविना नुसता ईएफ लिहिलेला अहवाल मी अपुराच मानतो.

हीच झडप अरुंद होण्याऐवजी गळत असेल तर बाहेर ढकललेल्या रक्ताचा काही भाग परत येतो, म्हणून तेथे स्ट्रोक व्हॉल्यूम मोठे दिसले तरी शरीराला तेवढे मिळत नाही. तीव्र गळतीत लक्षणे नसतानाही, अन्य कारण नसेल तर, ईएफ ५५ टक्के किंवा त्याखाली येताच २०२० ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे शस्त्रक्रिया सुचवतात; तीव्र अरुंदतेत ही रेषा ५० च्या खाली आहे.