सोलापुरातील जुन्या बाजारपेठेतील वारसा इमारत: दुरुस्तीच्या परवानगीसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

नवी पेठेतून किंवा मधल्या मारुतीकडून जाताना दुकानांच्या पाट्यांच्या वर नजर टाका. सागवानी खांब, दगडी कमानी, वरच्या मजल्याची लाकडी गॅलरी अजूनही जागोजागी दिसते. खाली दुकान, वर बिऱ्हाड, डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. अशी इमारत तुमच्या मालकीची असेल किंवा तुम्ही तिथे भाडेकरू असाल, तर गवंडी बोलावण्याआधी हे वाचा.

इमारत शंभर वर्षांची आहे म्हणून ती कायद्याने वारसा वास्तू ठरत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरणाने (शहरात महापालिकेने) किंवा सक्षम प्राधिकरणाने जाहीर केलेली इमारतच वारसा वास्तू. म्हणून आधी महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात लेखी अर्ज देऊन विचारा: आमची मिळकत वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत? तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका. लेखी उत्तर मिळत नसेल तर १० रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकारात अर्ज करा, त्याची मुदत ३० दिवसांची आहे.

हे विचारणं इतकं महत्त्वाचं का, ते याच अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये आहे. साध्या इमारतीत फक्त आतलं काम असेल किंवा बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल, तर त्या कामाला या कलमाखाली परवानगी लागत नाही. वारसा वास्तूला मात्र ही सूट नाही. आतला लाकडी जिना काढणं, पोटमाळा पाडणं, फळ्यांची दारं काढून शटर बसवणं, हे सगळं परवानगीच्या कक्षेत येतं. बरीच जुनी दुकानं नेमकी इथेच आपलं रूप गमावतात, तेही मालकाचा हेतू चांगला असताना.

किती बदल करता येतो, ते यादीतल्या श्रेणीवर ठरतं. श्रेणी १ मध्ये अगदी आवश्यक तेवढाच हस्तक्षेप चालतो. श्रेणी २ मध्ये वास्तूचं वैशिष्ट्य राखून, काटेकोर छाननीनंतर बदल करता येतात. श्रेणी ३ ला बरीच मोकळीक असते, पण रस्त्याकडच्या दर्शनी भागाला बाधा येता कामा नये.

अर्ज मालकाने करायचा, आणि खरी अडचण इथेच येते. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून आजोबांचं नाव, वारस पुण्यात आणि हैदराबादेत. नगर भूमापन कार्यालयात आधी वारस नोंद करून घ्या. सर्व सहमालकांची संमती किंवा एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र तयार ठेवा. भाडेकरूंसाठी भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ आहे: जागा दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. लेखी नोटिशीनंतर १५ दिवसांत मालकाने काही केलं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. वारसा वास्तूत तेव्हाही नियोजन परवानगी लागतेच.

अर्ज नोंदणीकृत वास्तुविशारदामार्फत करा. अलीकडची मिळकत पत्रिका, मिळकतकर भरल्याची पावती, मालकी हक्काचे कागद, संमतीपत्रं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, सध्याचा मोजणी केलेला नकाशा आणि प्रस्तावित नकाशा हाताशी ठेवा. फोटोंवर मेहनत घ्या. लांबून काढलेला एकच फोटो पुरत नाही. प्रत्येक खांब, तुळईचा जोड, कमान, गॅलरीचा कठडा वेगळा टिपा आणि नकाशावर त्याला क्रमांक द्या. कोणतं साहित्य वापरणार तेही लिहा. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दगडांचे सांधे भुसभुशीत होतात. म्हणून दुरुस्तीही चुन्यातच असावी, असं अर्जात स्पष्ट म्हणा.

भुईकोट किल्ल्याजवळच्या मिळकतींना आणखी एक पायरी आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतं. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, पण १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून ना-हरकत मागता येते. ती हाती आल्यावरच पुढे जा.

महापालिकेच्या निर्णयासाठी नगररचना कायद्यात ६० दिवस आहेत. त्रुटीचं पत्र आलं तर तुमच्या उत्तरापासून दिवस पुन्हा मोजले जातात, त्यामुळे उत्तर लगेच द्या. परवानगी १ वर्ष चालते. काम रेंगाळलं तर मुदत संपण्याआधी वाढ मागा.

धोकादायक इमारतीची नोटीस येईपर्यंत मात्र थांबू नका. ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली बंधनकारकच आहे. ती करताना लाकूड आणि चुना जाणणारा इंजिनिअर निवडा आणि कोणती तुळई बदलायची, कोणती वाचते, हे अहवालात लिहून घ्या. ‘इमारत जीर्ण आहे’ एवढंच लिहिलेला अहवाल पाडकामाच्याच बाजूने वापरला जातो.

इमारत यादीत नसेल आणि ती असावी असं वाटत असेल, तर छायाचित्रं आणि इतिहासासह आयुक्तांकडे लेखी सूचना देता येते. हरकती-सूचना मागवून आणि मालकाचं म्हणणं ऐकूनच नाव घेतलं जातं. वारसा नियमांमुळे बांधकामाचा हक्क कमी झाला, तर त्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मागण्याची तरतूद आहे. त्याबद्दल वास्तुविशारदाला सुरुवातीलाच विचारून ठेवा.