दावा कुठल्या गावच्या कोर्टात? वैवाहिक खटल्यांच्या हद्दीची पार्श्वभूमी

२३ डिसेंबर २००३ पासून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये एक छोटी भर पडली. अर्जदार पत्नी असेल, तर अर्ज करते वेळी ती जिथे राहत असेल तिथल्या कोर्टातही तिला दाद मागता येईल, असं त्यात म्हटलं आहे. विशेष विवाह कायद्यातही तेव्हाच तसाच बदल झाला. म्हणजे लग्न कुठेही लागलेलं असलं तरी माहेरी परतलेल्या बाईला माहेरच्या कोर्टात घटस्फोट मागायची मुभा १९५५ च्या मूळ कायद्यानंतर ४८ वर्षांनी मिळाली. एवढा उशीर का झाला, हे कळायचं तर एकोणिसाव्या शतकात डोकवावं लागतं.

तेव्हा वाद गावाचा नव्हताच. नवरा-बायकोचं भांडण जातीने सोडवायचं की सरकारी कोर्टाने, हा खरा प्रश्न होता. १८५६ मध्ये मुंबईच्या एका पारशी जोडप्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, सांगितलं की, ख्रिस्ती धर्मसत्तेचे वैवाहिक कज्जे चालवणारी कोर्टाची शाखा पारशांना लागू नाही. त्यातली पोकळी भरायला १८६५ मध्ये पारशी विवाह कायदा आला, आणि समाजातल्या प्रतिनिधींना ज्युरीसारखं बसवणारी खास कोर्टंही आली. ती पद्धत आजही टिकून आहे. १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टाने बजावलं की, लग्न मोडण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. ज्या समाजांत काडीमोड रुळलेला होता, तिथल्या बायकांचं या निकालाने भलं झालं की वाईट, यावर वाद घालता येईल. सत्ता पंचांकडून न्यायाधीशाकडे सरकली, एवढं मात्र नक्की.

मग रखमाबाईंचं प्रकरण. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं आणि तिने नांदायला यावं असा दावा घेऊन नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात धाव घेतली. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडातून आलेला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटलं. दोन्ही पक्ष मुंबईतलेच, त्यामुळे कोणत्या गावी खटला चालवायचा हा मुद्दा इथे आलाच नाही. पण बायको नवऱ्याच्या घरची, हे गृहीतक या सगळ्याच्या मुळाशी होतं आणि तेच पुढे हद्दीच्या नियमांत उतरलं. लग्नामुळे पत्नीचा अधिवास (कायद्याच्या नजरेतलं कायमचं घर) नवऱ्याचाच होतो, हा नियम भारतीय वारसा कायद्यात अगदी स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे.

१८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती जोडप्यांसाठी कसोटी ठरवली: पती-पत्नी जिथे राहतात किंवा शेवटचे एकत्र राहिले, ते ठिकाण. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हीच कसोटी उचलली आणि तिला लग्न लागल्याच्या जागेची जोड दिली. मधल्या काळात मुंबई प्रांताने १९४७ मध्येच हिंदूंना घटस्फोट देणारा स्वतःचा कायदा केला होता, पण हद्दीबाबत देशभर घडी बसली ती १९५५ च्या कलम १९ ने.

वरवर पाहता हा नियम कुणाचीच बाजू घेत नाही. लग्न मुलीच्या गावी लागलं असेल, तर तिथलं कोर्ट तिला मोकळंच होतं. अडचण यायची ती लग्न दुसरीकडे लागलं असेल तेव्हा, किंवा माहेरच्यांचं बस्तानच त्या गावातून हललं असेल तेव्हा. ‘शेवटचे एकत्र राहिले’ ते ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा सासर. फाटलं की घर सोडते ती, मागे राहतो तो. त्यामुळे कायद्याने नवऱ्याचं नाव न घेताही नवऱ्याला आपल्या दारातलं कोर्ट मिळायचं, आणि बाईला प्रत्येक तारखेला जिथून बाहेर पडली त्याच गावी परत जावं लागायचं. १९७६ च्या दुरुस्तीने प्रतिवादी राहतो ते ठिकाण स्वतंत्रपणे जोडलं. त्यानंतर नवरा बायकोच्या गावी दावा लावू शकत होता आणि बायको नवऱ्याच्या. कागदावर समान, पण दाद मागायची गरज तिला असली की प्रवासही तिचाच.

पोटगीचा कायदा याबाबतीत बराच पुढे होता. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम ४८८ खाली नवरा राहतो, असतो किंवा शेवटचा पत्नीसोबत राहिला, तिथेच अर्ज करता येई. १९७३ च्या नव्या संहितेने कलम १२६ मध्ये पत्नी राहते ते ठिकाणही घातलं. थोडक्यात, महिन्याच्या खर्चासाठी बाई आपल्या तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत होती, पण त्याच लग्नाचा घटस्फोट मागायला तिला पुढची तीस वर्षं ही सोय नव्हती. हा फरक कुणी विचार करून ठेवला असेल असं वाटत नाही. फौजदारी आणि दिवाणी कायदे वेगवेगळ्या टेबलांवर लिहिले गेले, एवढंच.

ही दरी भरून काढली ती बदली अर्जांनी, म्हणजे खटला दुसऱ्या कोर्टात हलवा असं मागणाऱ्या अर्जांनी. एका राज्यातला दिवाणी खटला दुसऱ्या राज्यात हलवायचा अधिकार पूर्वी राज्य सरकारकडे होता. १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २५ बदलून तो सुप्रीम कोर्टाला दिला गेला. त्याच वर्षी हिंदू विवाह कायद्यात कलम २१-क आलं. दोघांनी वेगवेगळ्या कोर्टांत घटस्फोट किंवा न्यायिक विभक्ततेचे (लग्न न मोडता कायद्याने वेगळं राहण्याचे) अर्ज केले, तर नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टात जाईल, असं ते सांगतं. त्यातून आधी दावा लावण्याची शर्यत सुरू झाली. या कलमामुळे सुप्रीम कोर्टाचा बदलीचा अधिकार संपतो का, असा प्रश्न १९८१ मध्ये आला आणि कोर्टाने नाही असं उत्तर दिलं. तिथून ‘पत्नीची सोय आधी पाहायची’ हा प्रघात पडत गेला.

तो इतका रुळला की कोर्टालाच त्याचा जाच होऊ लागला. बायकांना दाखवलेल्या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, असं सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात म्हटलं. त्यात खटला न हलवता नवऱ्याने तिचा प्रवासखर्च द्यावा असा मार्ग काढला गेला. २००८ मध्ये ठरलं की, हायकोर्टाला आपल्या राज्याबाहेर खटला पाठवता येत नाही. त्याचा व्यवहारातला अर्थ जरा विचित्र आहे. मध्य प्रदेशातला खटला महाराष्ट्रातल्या आपल्या गावी आणायला बाईने आधी दिल्लीत वकील गाठायचा.

२०१७ मध्ये एकाच वर्षात दोन उलटसुलट निकाल लागले. मार्चमध्ये न्या. गोयल आणि न्या. लळित यांनी सुचवलं की, बदलीऐवजी व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरावं. ऑक्टोबरमध्ये तिघांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी ते मोडीत काढलं. समेटाचा प्रयत्न समोरासमोरच व्हायला हवा, तो फसल्यावर आणि दोघांची संमती असल्यासच व्हिडिओ, असं बहुमताचं म्हणणं. न्या. चंद्रचूड यांनी व्हिडिओच्या बाजूने विरोधी मत नोंदवलं. तीन वर्षांत कोविड आला आणि देशभरची कोर्टं पडद्यावर बसली. त्यानंतर ते विरोधी मत वाचताना वेगळंच वाटतं.

फौजदारी बाजूलाही दिशा बायकोच्या गावाकडेच वळली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पीडित स्त्री तात्पुरती राहते तिथेही अर्ज चालतो. ४९८-अ, म्हणजे नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं दंड संहितेतलं कलम, याबाबत मात्र बराच काळ गोंधळ होता. छळ सासरी झाला, मग माहेरच्या पोलीस ठाण्यात गुन्हा कसा, असा बचाव २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्यही केला होता. ९ एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो दरवाजा बंद केला. घर सोडून बाई जिथे आसरा घेते तिथेही छळाचे मानसिक परिणाम चालूच राहतात, म्हणून तिथल्या कोर्टालाही अधिकार आहे, असं पीठाने ठरवलं.

हे सगळं एका छताखाली आणायची कल्पना जुनी आहे. समाजसेविका दुर्गाबाई देशमुखांनी १९५० च्या दशकात चीनमधली खास कौटुंबिक कोर्टं पाहून आल्यावर नेहरूंकडे तिचा पाठपुरावा केला होता. कायदा झाला १९८४ मध्ये, आणि महाराष्ट्रात पुणे व मुंबईची कौटुंबिक न्यायालयं सुरू झाली १९८९ मध्ये. त्यांनी विषय एकत्र आणले, गावं नाही. घटस्फोटाला कलम १९, मुलाच्या ताब्याला १८९० च्या पालकत्व कायद्यानुसार मूल सर्वसाधारणपणे राहतं ते ठिकाण, पोटगीला आता १ जुलै २०२४ पासून फौजदारी संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता: प्रत्येकाची हद्द वेगळी. एकच मोडलेलं लग्न दोन जिल्ह्यांतल्या चार-पाच फायलींत विभागलं जाणं म्हणूनच आजही नेहमीचं आहे.

बदली अर्जांचा ओघ एवढा की सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये नियम बदलून ते एका न्यायाधीशासमोर चालवायची सोय केली. हे अर्ज आणखी एका कामाला आले. खटला कुठे चालावा याची सुनावणी सुरू असतानाच दोघं तडजोडीला तयार होत, आणि कोर्ट घटनेच्या कलम १४२ खाली (पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा सुप्रीम कोर्टाचा अधिकार) तिथल्या तिथे घटस्फोट देई. हे करता येतं का, यावर घटनापीठाने १ मे २०२३ रोजी होकार दिला. संसार पूर्णपणे मोडला असेल तर एकाचा विरोध असतानाही सुप्रीम कोर्ट घटस्फोट देऊ शकतं, असंही त्याच निकालात म्हटलं. ते प्रकरणही २०१४ मध्ये दाखल झालं होतं बदली अर्ज म्हणूनच.